कंट्रोलवरच्या आग्रेबाई

मे महिन्याच्या उकाड्यात, हातावर लोकरीचा स्वेटर टाकून बसची वाट बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सकाळी सव्वासहाला मारुती मंदिरच्या नाक्यावर आमच्या ऑफिसची बस यायची. आम्ही सगळे घामाने निथळत, वर्तमानपत्राने वारा घेत उभे असायचो आणि आग्रेबाई एका हातात डबा, दुसऱ्या हातावर तो गडद हिरवा स्वेटर घेऊन शांत उभ्या. नवीन माणूस हसायचाच. पहिल्या दिवशी मीही हसले होते. दुसऱ्या दिवशी मी शाल घेऊन गेले.

आमचं ऑफिस म्हणजे रत्नागिरीपासून बसने तासाभरावर, समुद्राच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर पसरलेलं केंद्र सरकारचं एक मोठं आवार. तिथे काय चालतं हे मी लिहू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला कधी कळलंही नाही. चारी बाजूंनी दुहेरी तारा, प्रत्येक कोपऱ्यावर पहारा. मोबाईल गेटवर जमा करायचा, बिल्ला छातीवर लावायचा, मगच आत. आजूबाजूच्या वाड्यांमधली माणसं त्या सगळ्याला नुसतं ‘कुंपण’ म्हणायची. ‘तो कुंपणात कामाला हाय’ म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नसे.

त्या कुंपणात एक खोली होती, तिला खिडकी नव्हती. चार फोन, वायरलेसचे दोन संच, सायरनचं बटण आणि भिंतभर पसरलेला नकाशा. यंत्रं तापू नयेत म्हणून एसी असा सोडलेला की बोटं आखडावीत. ही कंट्रोल रूम. आवारात आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत कुठेही आग लागो, कुणी पडो, कुणाच्या छातीत दुखो, घरात साप निघो, फोन इथे यायचा. इथून आगीचा बंब किंवा अँब्युलन्स निघायची आणि ती पोहोचेपर्यंत फोनवरच्या माणसाला धरून ठेवायचं, हे आमचं काम. सकाळच्या पाळीत दोन माणसं असायची. एक मी. दुसऱ्या सुलोचना आग्रे.

मी तेव्हा चौतिशीची होते. पुण्यात नऊ वर्षं एका कंपनीच्या ग्राहकसेवेत फोन घेऊन, आईच्या आजारपणामुळे रत्नागिरीला परतले होते. फोनवर बोलणं हा माझा हातखंडा आहे, अशी माझी समजूत. पहिल्याच दिवशी वसाहतीतून फोन आला. मी मधाळ आवाजात म्हटलं, “नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?”

पलीकडचा माणूस दोन-तीन सेकंद गप्पच झाला. मग तो सांगू लागला. पुढचं सगळं नीट पार पडलं, अँब्युलन्स वेळेत पोहोचली. फोन ठेवल्यावर आग्रेबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“मॅडम, त्याच्या हातावर उकळता तेल सांडलेला. तो आता तुम्हाला मदतीचा प्रकार सांगत बसनार काय?”

“मग काय विचारायचं?”

“कुठं आहात. बस. फोन कधी तुटेल याचा नेम नाय. जागा कळली तर गाडी तरी निघते. जागा नाय कळली, तर त्याची सगळी कहानी ऐकून तुमी करनार काय?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भाकरी करपते आहे, उलथा, असं सांगावं तितक्याच सहजपणे त्यांनी मला माझं नऊ वर्षांचं शिक्षण बाजूला ठेवायला सांगितलं होतं.

आग्रेबाई लांज्याकडच्या एका वाडीतल्या. भात आणि नाचणीवर जगणारं घर. बारावी झालेल्या. कुंपणात त्या प्रथम आल्या त्या कंत्राटदाराकडून झाडू मारायला. एका दुपारी त्या कंट्रोल रूमची लादी पुसत असताना ऑपरेटर बाहेर गेलेला आणि फोन वाजत राहिलेला. फडकं टाकून त्यांनी तो उचलला, जागा विचारून घेतली, ओल्या पायांनी धावत जाऊन बंबाच्या चालकाला सांगितली. तेव्हाच्या साहेबांनी आधी त्यांना फैलावर घेतलं आणि मग भरतीच्या परीक्षेचा अर्ज हातात दिला. ही गोष्ट मला बसमधल्या लोकांनी सांगितली. त्यांनी स्वतः कधीच नाही.

त्या फोनवर माणसाप्रमाणे भाषा बदलायच्या. वसाहतीतल्या मास्तरांशी पुस्तकी मराठी, साहेबांशी मोडकं पण ठाम हिंदी, आणि कुणी गावाकडचं घाबरलेलं माणूस असलं की थेट घरची बोली. “घाबरलेला मानूस शुद्ध ऐकत नाय,” त्या म्हणायच्या. “त्याला आपल्या घरातला कोन बोलतोय असा वाटला पायजे.”

त्यांचा कान तर विलक्षण होता. एकदा एक कामगार जिन्यावरून पडला. त्याच्या सोबत्याला इमारतीचा नंबर सांगता येईना. बाईंनी त्याला क्षणभर गप्प राहायला सांगितलं, डोळे बारीक करून ऐकलं आणि मला खुणेने नकाशावरची जागा दाखवली. मागे पाण्याचा जो पंप चालू होता तो खरखरणारा पंप सगळ्या आवारात एकच होता.

सुट्टीच्या दिवशी माणसं झोपतात, बाजारहाट करतात. आग्रेबाई एसटीत बसायच्या. रत्नागिरीहून सुटणारी कुठलीही गावची गाडी धरायची, शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, तिथून दोन-तीन वाड्या चालत फिरायचं आणि परतीच्या गाडीने यायचं. ओढ्यावरचा कोणता साकव पावसाळ्यात पाण्याखाली जातो, कोणत्या घाटीत मोठी गाडी वळत नाही, कुठल्या वाडीत देवळापर्यंतच रस्ता आहे आणि पुढे पायऱ्या आहेत, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. मी एकदा विचारलं, “बाई, आपलं काम कुंपणाच्या आत. बाहेरच्या वाड्या कशाला पाठ करता?”

“आपली मानसं काय कुंपणातच जन्माला आली? बाहेरसून येतात, बाहेर जातात,” त्या म्हणाल्या. “आनि मना गाडीत खिडकीला बसायला आवडता.”

यातलं कोणतं कारण खरं, हे मला तेव्हा कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

त्यांचे यजमान मुंबईला एका छापखान्यात होते. तीस वर्षं. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले आठ दिवस, एवढाच त्यांचा घरातला संसार. बाकीचा सगळा फोनवर. “समोर नसलेल्या मानसाचा चेहरा आवाजात बघायचा, ता मी ह्यांच्याकडसून शिकलंय,” असं त्या एकदा डबा खाताना म्हणाल्या. “‘बरा हाय’ असा लांबवून म्हनाले, की समजायचा ताप हाय.” त्या डब्यात बहुतेक वेळा भाकरी आणि सुकटीची चटणी असायची. त्या बंद खोलीत तिचा वास दुसऱ्या पाळीपर्यंत टिकायचा. त्याबद्दल एकदा लेखी परिपत्रकही निघालं. बाईंनी ते वाचलं, सही केली आणि त्यानंतर डबा त्या दाराबाहेर बाकावर बसून खाऊ लागल्या. चटणी बदलली नाही.

परिपत्रक काढणारे होते नेगीसाहेब. गढवालकडचे, सुरक्षा आणि अग्निशमन दोन्ही त्यांच्या हाताखाली. कडक माणूस. नवीन आले तेव्हा त्यांनी ठरवलं की कंट्रोल रूमची परीक्षा घ्यायची. आमच्याकडे सरावाचा फोन असला तर पहिलाच शब्द ‘सराव’ असा उच्चारायचा नियम होता. साहेबांनी तो मुद्दाम टाळला. कँटीनच्या मागून फोन केला, “गॅस लीक हो रहा है, दो आदमी गिरे हैं.”

बाईंना आवाज ओळखू आला होता, हे मी शपथेवर सांगते. हसू दाबताना त्यांच्या वरच्या ओठाची कड हलली. पण त्यांनी सायरन दिला, बंब सोडला, अँब्युलन्स सोडली आणि मग काळजीने विचारलं, “साहब, आप खुद कैसे हो? चक्कर आता है क्या?”

परीक्षा खरी वाटावी म्हणून साहेब म्हणाले, “हाँ, आ रहा है.”

“बैठ जाओ. हिलो मत. आदमी आता है.”

आणि वायरलेसवर त्यांनी सांगितलं की फोन करणाऱ्यालाच गॅस लागला आहे, पहिला त्याला उचला. चार धिप्पाड जवानांनी साहेबांना स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलं, तोंडावर प्राणवायूचा मास्क चढवला आणि दवाखान्यात नेलं. मास्कमुळे त्यांना ‘सराव’ हा शब्द काही उच्चारता येईना. डॉक्टरांनी रीतसर रक्तदाब घेतला, तर तो खरोखरच भलताच वाढलेला निघाला. साहेबांना त्याचा पत्ताच नव्हता. त्या दिवसापासून त्यांना गोळी सुरू झाली. आठवडाभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत. मग एकदा दारात येऊन म्हणाले, “आग्रेजी, प्रोसिजर सही था.” बाई उभ्या राहून म्हणाल्या, “गोली टाइम पे लेना, साहब.”

सगळेच फोन असे हसण्यावारी नेता येत नसत. एका सकाळी वसाहतीतून एका बाईंचा फोन आला. नवरा दाढी करताकरता कोसळला होता. अँब्युलन्स पोहोचेपर्यंत आग्रेबाई तिला फोनवरून छाती दाबायला शिकवत होत्या, स्वतः मोजत होत्या, एक, दोन, तीन, चार. आवाज एकदाही हलला नाही. गाडी पोहोचली, माणसं पोहोचली. तो गृहस्थ वाचला नाही. बाई उठल्या, तोंडावर पाणी मारून आल्या आणि पुन्हा जागेवर बसल्या. मला राहवेना. मी विचारलं, “तुम्हाला सहन कसं होतं?”

त्यांनी पदराने चेहरा टिपला. मग म्हणाल्या, “ती त्या दहा मिन्टात एकटी नवती. मी होतंय.” आणि फोनची वायर सरळ करत बसल्या.

आता त्या विहिरीची गोष्ट.

मे महिनाच. सकाळचे अकरा वाजले असतील. बाई नोंदवहीत काही लिहीत होत्या. फोन मी उचलला. पलीकडे एक बाई ओरडत होती. सासरे विहिरीत गाळ काढायला उतरले होते, खाली गप्प झालेत, हाका मारून बोलत नाहीत. मी जागा विचारली. ती म्हणाली, रहाटेवाडी. रहाटेवाडी म्हणजे कुंपणाच्या बाहेर, सड्याच्या खाली. कुंपणातला सायरन वाजला की वाड्यांमध्ये घबराट व्हायची, म्हणून चौकशीसाठी आमचा नंबर कधीकाळी तिथल्या शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवला होता. तो बघून तिने फोन केला होता.

आणि मी म्हणाले, “ताई, हा तो नंबर नाही. तुम्ही सरकारी अँब्युलन्सला फोन करा, मी नंबर देते.”

मी चुकीचं बोलत नव्हते. आमची गाडी लेखी हुकमाशिवाय गेटबाहेर जाऊ शकत नव्हती. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या हातातला रिसीव्हर निघाला होता. आग्रेबाईंनी तो आपल्या कानाला लावला.

“बाय, मी बोलतंय. तुजा नाव काय?”

“वैशाली.”

“वैशाली, तुजा सासरा खाली हाय. आनि कोन उतरला काय?”

“चुलत सासरे उतरतायत. दोर बांधतायत.”

बाई ताडकन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना फोनवर ओरडताना ऐकलं. “त्यास्नी थांबव! पाय धर त्यांचे! खाली हवा खराब हाय. जो उतरेल तो पडेल. तुज्या घरातली दोन मानसं जातील. फोन ठेवू नको, हातात धर आनि जा!”

पलीकडे धावपळ, आरडाओरडा. एका पुरुषाचा चिरकलेला आवाज, “माजा भाव हाय खाली, मना सोडा!” आणि तेवढ्या वेळात बाईंनी कागदावर खरडून माझ्यापुढे सरकवलं होतं: *बी.ए. सेट, दोन जवान, लांब दोर, अँब्युलन्स. दुसऱ्या बंबाचा चालक गाडीत बसवायचा. साहेबांना चिठ्ठी.*

बी.ए. सेट म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून धुरात किंवा गॅसमध्ये शिरायचं साहित्य. त्या सगळ्या पंचक्रोशीत ते फक्त आमच्याकडे होतं. शहरातून बंब यायला तास गेला असता.

मी म्हटलं, “बाई, हुकूम?”

नेगीसाहेब वरच्या हॉलमध्ये बैठकीत होते. तिथे फोन जात नाही, दारावर पहारा. चिठ्ठी आत जाऊन सही होऊन परत यायला किती वेळ, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं.

“चिठ्ठी पाठव. गाडी पन पाठव,” त्या म्हणाल्या. “वहीत माजा नाव लिही. तुजा नको.” पहिल्यांदाच त्यांनी मला ‘तू’ म्हटलं.

मी गाडी सोडली. गेटवरच्या पहारेकऱ्याने हुकूम मागितला, तेव्हा बाईंनी दुसरा फोन दुसऱ्या कानाला लावून सांगितलं, “आग्रे बोलतेय. माझ्या जबाबदारीवर. फाटक उघड.” त्याने उघडलं.

मग त्या पुन्हा वैशालीकडे वळल्या. आता आवाज नेहमीचा.

“वैशाली, ऐकतंस ना गो? चुलत सासरे काय करतायत?”

“रडतायत. लोकांनी धरून ठेवलानी हाय.”

“त्यास्नी काम दे. आंब्याची डहाळी तोडायला सांग, भरपूर पानांची. दोरीला बांधून विहिरीत सोडायची आनि वर-खाली, वर-खाली करायची. जोरात. वारा घालतात ना, तसा. हवा हलली पायजे. आनि बायकांनी कळशा आना, सासरा हाय त्याच्या समोरच्या बाजूला पानी ओता, त्याच्या अंगावर नको. कमरेला दोर हाय त्यांच्या?”

“हाय, पन वढला तर दगडात अडकतोय.”

“मग वढू नका. ताठ धरून ठेवा, मान पान्याखाली जाता नये. सांग त्यास्नी. मी हाय इथेच.”

पुढची चौदा मिनिटं मला अजून आठवतात. बाई एकेक विचारत होत्या. डहाळी सोडली का, किती जण ओढतायत, सासऱ्याची मान दिसते का, गाडी वळेल इतकी जागा कुठे आहे. वायरलेसवर चालकाला सांगत होत्या की देवळापाशी उजवीकडे वळू नको, तिथे पायऱ्या आहेत, शाळेच्या मागून घे. सुट्टीच्या दिवशी एसटीतून उतरून त्या त्या वाटेने चालल्या होत्या. एकदा त्यांनी फोन हाताने झाकला आणि मला म्हणाल्या, “मानसाचे हात रिकामे ठेवता नयेत. रिकामे झाले की तो उडी मारतो.”

मग फोनमधून आमच्याच बंबाची घंटा ऐकू आली. मला रडू फुटलं. बाईंना नाही. त्या वैशालीला म्हणाल्या, “आता बाजूला हो आनि त्यांना काम करू दे. फोन मात्र चालू ठेव.”

शांताराम रहाटे, वय वर्षं साठ, विहिरीतून वर आले तेव्हा श्वास घेत होते. अगदी बारीक, पण घेत होते. सिव्हिलमध्ये तीन दिवसांनी ते बोलू लागले.

चौथ्या दिवशी आग्रेबाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली.

नेगीसाहेबांनी त्यांना बोलावलं, सोबत मलाही, कारण पाळीवर मीही होते. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आग्रेजी, उसी वक्त अंदर आग लगती तो?”

मला वाटलं, बाई आता दुसऱ्या बंबाचं सांगतील. त्यांनी सांगितलंही, की चालक गाडीत बसवून ठेवला होता, दुसरा जवानांचा गट कपडे चढवून उभा होता, हे सगळं वहीत वेळेसकट आहे. पण पुढे त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “फिर भी साहब, दो जगह आग लगती तो कम पडता. तब मेरी गलती होती. वो मेरे को मालूम था.”

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, चौकशी होईपर्यंत तुम्ही कंट्रोलवर बसणार नाही.

त्यांना गेटवरच्या पासच्या खिडकीत बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव लिहायचं, शिक्का मारायचा. तिथे एसी नव्हता. स्वेटरची गरज नव्हती. पहिल्या दिवशी सवयीने तो आणला होता, तो त्यांनी घडी करून खुर्चीवर उशीसारखा घेतला. त्या कुणापाशी काही बोलल्या नाहीत. पण बसमध्ये त्या आता खिडकीची जागा सोडून मधल्या आसनावर बसू लागल्या आणि रस्ताभर डोळे मिटून असायच्या. एकदा घाटीतल्या वळणावर माझ्याशी एवढंच म्हणाल्या, “फोन वाजतो तेव्हा हितवर ऐकू येता गो. उचलता येत नाय.”

दोन आठवडे गेले असतील. दुपारी पाळी संपवून मी मोबाईल घ्यायला गेटवर आले. खिडकीपाशी एक वाळकासा म्हातारा काठी टेकून उभा होता आणि त्याच्याबरोबर एक तरुण बाई, डोक्यावर फणस. ती आत वाकून म्हणाली, “पास पायजे होता. कंट्रोलवाल्या बाईंना भेटायचा हाय. नाव माहीत नाय.”

आग्रेबाईंनी मान वर केली नाही. सवयीने विचारलं, “कुठून आलाव?”

ती बाई थबकली. तिने फणस डोक्यावरून उतरवून जमिनीवर ठेवला. मग डोळे मिटले आणि म्हणाली, “परत बोला.”

“काय बोलू?”

“कायपन बोला. तोच आवाज हाय. बाबा, ह्याच त्या!”

खिडकीला जाळी होती. वैशालीने जाळीतून बोटं आत घातली. आग्रेबाईंनी शिक्का खाली ठेवला आणि ती बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली. शांताराम रहाटे काठी टेकत जाळीजवळ आले. ते म्हणाले, “बाय, मना कायच आठवत नाय. डोक्यावर पाना हालत होती, तेवढाच आठवता.”

मी त्या दिवशी आग्रेबाईंना पहिल्यांदा रडताना पाहिलं. पदराने तोंड पुसून त्यांनी त्या दोघांना बाकावर बसवलं आणि सिव्हिलच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वेळेवर घेताय ना, असं दरडावून विचारलं.

नेगीसाहेबांची गाडी त्याच वेळी आत येत होती. काच खाली करून त्यांनी सगळं पाहिलं. पहारेकऱ्याला विचारलं, कोण आहेत. तो म्हणाला, “सर, कुएँवाला आदमी.” साहेब गाडीतून उतरले नाहीत. पण गाडी बराच वेळ तिथेच उभी राहिली.

महिनाभराने वरून हुकूम आला. त्याचा मसुदा नेगीसाहेबांनीच लिहून पाठवला होता आणि त्याच्या मंजुरीसाठी ते दोनदा दिल्लीला गेले होते, हे मागाहून कळलं. कुंपणाच्या लगतच्या वाड्यांमध्ये जिवावरचा प्रसंग असेल, तर पाळीवरच्या कंट्रोल ऑपरेटरने आपल्या अधिकारात एक गाडी सोडावी, दुसरी आत सज्ज ठेवावी आणि नंतर कळवावं. बाईंना चौकशीतून ताकीद मिळाली. तीही लेखी, कारण नियम मोडला होता हे खरंच होतं. आणि त्याच कागदाच्या खालच्या परिच्छेदात त्यांना कंट्रोलवर परत घेतलं होतं. ताकीद वाचून त्या म्हणाल्या, “बरोबर हाय.” आणि स्वेटर झटकून अंगात घातला.

त्यानंतर पाच वर्षं आम्ही एकत्र काम केलं. बाहेरच्या वाड्यांचे फोन येऊ लागले. कुणाला सर्प चावलेला, कुणी माडावरून पडलेलं, कुणाच्या गोठ्याला आग. साहेबांच्या परवानगीने बाई ग्रामसभांना जायच्या आणि बायकांना पुढे बसवून शिकवायच्या, संकटात पहिलं वाक्य काय बोलायचं. बायका लाजत. त्या एकेकीला उभं करून आपल्या घराची खूण मोठ्याने सांगायला लावायच्या. रहाटेवाडीत हे काम आता वैशाली करते.

आग्रेबाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभाला भाषण करायला उठल्या आणि दोन वाक्यांत बसल्या. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. माझ्या शेजारी एक नवी मुलगी आली आहे, चांगली आहे, शिकेल.

मागच्या महिन्यात लांज्याला एका लग्नाला गेले होते. परतताना सड्यावरच्या मोकळ्या रस्त्याला लागलो. दुपार कलली होती, कातळावर वाळलेलं गवत सोनेरी दिसत होतं. पुढे एक स्कूटर वेडीवाकडी चाललेली. नवीकोरी, नंबरसुद्धा आलेला नव्हता. तिच्यावर पाचवारी साडीलाच नऊवारीसारखा कासोटा मारून, पदर कमरेला खोचून एक साठीची बाई बसलेली, पाठ ताठ, कोपरं बाहेर. आणि मागची सीट धरून एक पिकल्या केसांचे गृहस्थ धावत होते. मुंबईहून कायमचे घरी आलेले यजमान तेच असणार.

“सोडू नका हां!” त्या ओरडत होत्या. “मी सांगेपर्यंत सोडू नका!”

“नाय सोडत, नाय सोडत!” ते धापा टाकत म्हणाले. आणि हळूच त्यांनी हात काढून घेतला.

मी चालकाला गाडी हळू घ्यायला सांगितली. हॉर्न वाजवू दिला नाही. स्कूटर एकदा डावीकडे कलली, सावरली आणि मग सरळ झाली. आग्रेबाई सड्याच्या टोकापर्यंत एकट्याच गेल्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. यजमान रस्त्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभे राहिले होते आणि मोठमोठ्याने हसत होते.